स्वस्तातली हवेची कयाक: घेताना काय बघावं आणि बिघडली तर कुणाला धरावं? (सोलापूर, उजनी परिसर)

भीमाकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. उजनीच्या पाण्यावर स्वतःची कयाक (वल्ह्याने चालवायची लांबट छोटी बोट) घेऊन उतरणारे आपल्या जिल्ह्यात हळूहळू वाढतायत आणि "कुठली घेऊ?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. त्यावर इथे बोलूच. पण मला त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: बिघडली तर काय? सध्या मी त्यातूनच जातोय.

माझी कयाक दोघांची, फुगवायची, साध्या पीव्हीसीची. दिवाळीनंतर ऑनलाइन घेतली, साधारण १४ हजारांना. कंपनीचं आणि विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

या बोटींचा तळ एकसंध गादीसारखा नसतो. वरचा आणि खालचा थर आतून उभ्या पट्ट्यांनी जोडलेला असतो, म्हणून हवा भरल्यावर तळावर लांबट नळ्या दिसतात. माझ्या बोटीतल्या एका पट्टीचा जोड आतल्या आत सुटला. दोन नळ्यांची मिळून एक झाली आणि मधोमध टेंगूळ आलं. आता शेजारच्या पट्टीवर ताण येऊन तीही सुटायला लागलीय. बाहेर मात्र हवा जराही जात नाही. रात्रभर फुगवून ठेवली तर सकाळी तशीच टणक. पण पाण्यात घातली की बसणारा एका अंगाला कलतो आणि बोट सरळ चालत नाही.

ग्राहकसेवेचं म्हणणं, "हवा जिथून जाते त्या जागेभोवती पेनाने गोल करून फोटो पाठवा." मी लिहिलं, हवा जात नाही, आतला जोड सुटलाय. उत्तर आलं, "फोटो न मिळाल्याने तक्रार बंद करत आहोत." पुन्हा उघडली तर पंक्चर किट पाठवलं. बाहेर भोकच नाही, ठिगळ लावायला जागा नाही. बिलावर ९० दिवसांची वॉरंटी आहे आणि ती संपत आलीय.

कुणी अशा प्रकरणात शेवटपर्यंत गेलंय का? आणि घेण्याआधी काय बघायला हवं, तेही जाणकारांनी लिहावं. नव्या माणसाला एका जागी सगळं सापडलं पाहिजे.

---

बाळे_नाका | ८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

वाचतोय. मीही याच किमतीतली बघत होतो, थांबतो आता.

---

टेरी_टॉवेल | ८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

भीमाकाठ, तुमचा दोष मी बघितलाय. मित्राच्या बोटीला अगदी असंच झालं होतं. हवा न जाता टेंगूळ आलं म्हणजे आतली पट्टी सुटली, दुसरं कारण नाही.

किमतीचा फरक कुठे असतो ते सांगतो, कारण दुकानातला माणूस हे सांगत नाही. महागड्या बोटींच्या तळाला ड्रॉप-स्टिच म्हणतात. त्यात वरचं आणि खालचं कापड एकाच मागावर एकत्र विणतात आणि दोन्हींच्या मधे हजारो धागे सोडतात. आपल्याकडे मागावर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल, मखमलीचं दुहेरी कापड विणतात तीच रीत, फक्त मधले धागे कापायचे नाहीत. त्यावर बाहेरून पीव्हीसीचा लेप. हवा भरली की धागे ताणले जातात आणि तळ फळीसारखा सपाट राहतो. असा तळ ८ ते १० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाब सहज घेतो.

स्वस्त बोटीत धागे नाहीत, गरम करून चिकटवलेल्या पट्ट्या आहेत. दाब १ पीएसआयच्या आसपास. तिथला एक जोड कच्चा राहिला की सगळा भार शेजारच्यावर जातो. म्हणून हा दोष बहुतेकदा कारखान्यातला असतो, आणि वॉरंटी नेमकी त्यासाठीच असते. तुम्ही मागे हटू नका.

---

निवृत्त_मास्तर | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

टेरी टॉवेल यांनी छान समजावलं. एक गोष्ट मात्र तपासून घ्या, कारण कंपनी पुढच्या पत्रात हाच मुद्दा काढणार: "तुम्ही जास्त हवा भरली."

आपल्या भागात हा मुद्दा फार खरा आहे. समजा सकाळी २५ अंशांना तुम्ही १ पीएसआय हवा भरली. हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा असतो. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पाचशे मीटर उंचीवर, इथे बाहेरच्या हवेचाच दाब १३.९ च्या आसपास. म्हणजे आतला एकूण दाब १४.९. आता बोट काठावर उन्हात ठेवून तुम्ही डबा खायला बसलात आणि आतली हवा ५० अंशांपर्यंत तापली. एकूण दाब १६ च्या वर जातो. १३.९ वजा केले की उरले सव्वादोन. सकाळी भरलेल्याच्या दुपटीहून जास्त! पीव्हीसी थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात जरा कमी भरेल, पण जोडाला तेवढं पुरतं. काठावर आलात की बोट सावलीत न्या किंवा थोडी हवा सोडा, दोन्हींपैकी एक केलंच पाहिजे.

उलटंही होतं. दुपारच्या गरम हवेत फुगवलेली बोट थंड पाण्यात घातली की मऊ पडते. ३५ अंशांना भरलेला १ पीएसआय २४ अंशांच्या पाण्यावर निम्म्यावर येतो. नवीन माणूस घाबरून "गळते" म्हणून तक्रार करतो आणि कंपनीला अशा तक्रारींचीच सवय लागते. शिवाय नवं पीव्हीसी पहिल्यांदा फुगवल्यावर थोडं सैलावतं, त्यामुळे पहिल्या दिवशी पुन्हा थोडी हवा भरावी लागते. ही गळती नव्हे. खरी गळती बघायची तर घरात, पंख्याखाली, रात्रभर फुगवून ठेवा आणि मग जोडांवर, व्हॉल्वभोवती साबणाचं पाणी लावा.

पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर कधीही लावू देऊ नका. सोबत येणारा हाताचा पंप हळू चालतो, पण तोच योग्य.

---

भीमाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ८:३०

मास्तर, नमस्कार. तुमचा अंदाज खरा ठरला. आज दुपारीच पत्र आलं: "अतिरिक्त हवा भरल्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही."

माझ्या बोटीच्या नळीवर एक छापील मोजपट्टी आहे. हवा भरत गेलं की ती ताणते, आणि पुस्तिकेत दिलेल्या लांबीएवढी झाली की थांबायचं. मी पहिल्यापासून त्याच खुणेवर थांबतो. आणि या बोटीने उन्हाळा बघितलेलाच नाही, सगळा वापर हिवाळ्यातल्या सकाळचा. हे त्यांना पटेल असं कसं मांडू?

---

सुजाण_ग्राहक | १० फेब्रुवारी, दुपारी १:१०

भीमाकाठदादा, मी ग्राहक तक्रारींचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोनवर बोलणं आजपासून बंद. फोनवर गोड बोलतात आणि नोंद राहत नाही. जे काही ते ईमेलवर. चॅटवर बोलावंच लागलं तर स्क्रीनशॉट काढून तोच ईमेलला जोडा आणि खाली लिहा, "आज आपल्या प्रतिनिधीशी झालेले संभाषण सोबत."

ग्राहकसेवा आणि तक्रार निवारण अधिकारी हे वेगळे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे मार्केटप्लेसला (ज्या साइटवर वेगवेगळे विक्रेते माल विकतात तिला) असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हे त्याच्यावर बंधन आहे. तिथे विकणाऱ्या विक्रेत्यालाही असा अधिकारी लागतो. त्याच नियमांत असंही आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. "रिटर्नची मुदत संपली" हे उत्तर फक्त मन बदललेल्या गिऱ्हाइकाला लागू पडतं. सदोष मालाचा प्रश्न त्याने मिटत नाही.

खोका ठेवलाय ना? आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव आणि पत्ता छापणं वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनी सक्तीचं आहे. परदेशी कंपनीला पत्र लिहून आपल्याला काही मिळत नाही, भारतातल्या आयातदाराला पत्र गेलं की हालचाल होते. म्हणून नवीन घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: वस्तूच्या पानावर आयातदाराचा पत्ता दिसत नसेल तर कितीही स्वस्त असली तरी ती बोट सोडा.

तुमचं पत्र साधारण असं जाऊ दे:

"तळाच्या कप्प्यातील आतील पट्टीचा जोड सुटला आहे. हवेची गळती नाही, त्यामुळे गळतीच्या जागेचा फोटो मागणे या दोषाला लागू होत नाही. हवा पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंतच भरली आहे, पूर्ण चित्रीकरण सोबत. अतिरिक्त हवा भरली असा आपला निष्कर्ष कोणत्या तपासणीवर आधारित आहे, ते लेखी कळवावे. वस्तू न पाहता काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. बदली वस्तू किंवा पूर्ण रक्कम मिळावी. आपण पाठवलेल्या पंक्चर किटने हा दोष दुरुस्त होत नाही."

चित्रीकरण एकाच टेकमध्ये करा: रिकामी बोट, त्यावर छापलेला बॅच क्रमांक, हवा भरणं, छापील मोजपट्टीशेजारी शाळेतली साधी पट्टी, मग टेंगूळ. मधे कुठे कापाकापी नको.

वॉरंटी संपायच्या आत पहिली तक्रार नोंदली आहे ना? मग नंतर तारीख उलटली तरी घाबरू नका. पहिल्या तक्रारीची तारीख धरली जाते, हे पत्रात ठणकावून लिहा.

एवढं करूनही काही झालं नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते कोर्ट नाही, आदेश देत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे वर पाठवतात आणि बऱ्याच कंपन्या तिथे लवकर उत्तर देतात. त्यानंतर आपला सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असो नाहीतर बंगळुरूची. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. आता ऑनलाइन दाखल करायची सोय ई-जागृती या सरकारी पोर्टलवर आहे. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने आणि वस्तू तपासणीला पाठवावी लागली तर पाच महिने अशी आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ती तयारी ठेवा.

---

दक्षिण_कसबा | १० फेब्रुवारी, दुपारी २:४५

ताई, लई भारी लिहिलंत. मी पण असंच बघलालो एका पंपाचं. कस्टमर केअरवाले "पिकअप तुमच्या पिनकोडला नाही" म्हणलालेत. माल गावाकडं आहे, टेंभुर्णीजवळ. मग मी काय करायचं ओ?

---

सुजाण_ग्राहक | १० फेब्रुवारी, दुपारी ३:३०

वस्तू पोचवताना तो पिनकोड चालला होता ना? तेवढंच लिहा. सोबत दोन पर्याय द्या: सोलापुरातल्या पत्त्यावरून उचला, किंवा मी पार्सल करतो आणि पावतीप्रमाणे खर्च द्या. खर्चाचं लेखी मान्य झाल्याशिवाय पाठवू नका.

---

फ्लेक्सवाला | १० फेब्रुवारी, रात्री ९:००

माझं ताडपत्री आणि फ्लेक्स जोडण्याचं काम आहे, अक्कलकोट रोडला. रोज पीव्हीसी हातात असतं, म्हणून दुरुस्तीबद्दल लिहितो.

भीमाकाठ, तुमच्या तळाला दुरुस्ती नाही. आतली पट्टी परत जोडायची तर वरचा थर कापावा लागतो, पट्टी वेल्ड करून थर पुन्हा बंद करावा लागतो. एवढ्या पातळ मालावर गरम हवेचं मशीन धरलं की जोड व्हायच्या आत माल करपतो. कुणी "करून देतो" म्हटलं तरी देऊ नका, आणि कापलेली बोट मग कंपनी घेणार नाही.

बाहेरचं साधं भोक असेल तर जमतं. सायकलच्या ट्यूबचं सोल्यूशन मात्र रबरासाठी असतं, पीव्हीसीवर ते टिकत नाही. प्लंबिंगच्या पाइपचं सोल्यूशन वाळून कडक होतं आणि घडी घातली की तडकतं. मऊ पीव्हीसीसाठीचंच चिकटद्रव्य आणा. हवा पूर्ण काढून बोट सपाट करा, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ठिगळाचे कोपरे गोल कापा, आणि चोवीस तास हवा भरू नका. घाई केली की तेच ठिगळ पुन्हा उचकटतं.

शेततळ्याचा कागद जोडणाऱ्याकडेही नेऊ नका. तो कागद एचडीपीई असतो. दोन वेगळी प्लास्टिकं, एकमेकांना धरत नाहीत.

पाहिजे तर माझ्या लेटरहेडवर लिहून देतो की हा दोष आतल्या जोडाचा आहे आणि बाहेरून ठिगळ लावून जात नाही. बोट घेऊन या, बघितल्याशिवाय सही करणार नाही.

---

भीमाकाठ | १० फेब्रुवारी, रात्री ९:२५

अण्णा, शनिवारी येतो. मनापासून आभार.

---

माढेकर | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:००

माझा विचार चार कयाक घेऊन बॅकवॉटरला भाड्याने देण्याचा आहे. स्वस्तातल्या घेतल्या तर वॉरंटीचं काय?

---

सुजाण_ग्राहक | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

माढेकर, घाई करू नका. घरगुती वापराच्या बोटींच्या वॉरंटीत भाड्याचा वापर बहुधा वगळलेला असतो, तो परिच्छेद वाचा. कायद्यातही व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार "ग्राहक" धरला जात नाही. अपवाद एकच: स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर. आणि लोकांना पाण्यात नेण्याची जबाबदारी परवानगी आणि विम्याशिवाय कुणी घेऊ नये असं मला तळमळीने वाटतं.

---

करमाळ्याचा | १२ फेब्रुवारी, रात्री ८:५०

ताईंच्या शेवटच्या ओळीला +१ आणि त्याहून जास्त.

२१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. आमच्या भागातला माणूस तो दिवस विसरणार नाही. हे लिहिण्याचं कारण एवढंच की इथे सगळी चर्चा जोड आणि बिलाची चालली आहे, आणि उजनीवर माणसाच्या जिवावर बेततं ते वाऱ्याने.

हवेची कयाक हलकी असते आणि पाण्याच्या वर उंच राहते, त्यामुळे वारा तिला पाण्यापेक्षा जास्त ढकलतो. दोन तगडी माणसं वल्हवत असली तरी समोरच्या वाऱ्यात जागची हलत नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचं आभाळ भरून यायला वेळ लागत नाही. त्या दोन महिन्यांत सकाळी नऊच्या आत काठावर परत. काठाकडून पाण्याकडे वारा असेल तर उतरायचंच नाही, कारण जाताना सोपं वाटतं आणि परत येता येत नाही. बोटीखालचं फिन (तळाला लावायचा उभा पंख) काढून ठेवू नका, त्याच्याशिवाय ती गोल गोल फिरते.

लाइफ जॅकेट घेताना न्यूटनचा आकडा बघा, म्हणजे ते माणसाला किती जोराने वर धरतं. ५० न्यूटन हे पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळ. पोहता येत नसेल तर १०० किंवा त्याहून वरचं. आणि घातलेलं पाहिजे. सीटखाली ठेवलेल्या जॅकेटने कुणी वाचत नाही.

---

पाणकावळा | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

पक्षी बघायला जातो, भिगवणच्या बाजूने जास्त. धागाकर्त्याने घेण्याआधीचंही विचारलंय, त्यावर थोडं.

लांबी-रुंदी आधी बघा, रंग आणि ऑफर नंतर. उदाहरण म्हणून इंटेक्सच्या दोन जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या बोटी घ्या. एक्सप्लोरर के२ ची लांबी ३१२ सेंमी आणि रुंदी ९१. चॅलेंजर के२ ची ३५१ आणि ७६. दोन्हींवर भार १८० किलोच लिहिलेला. पहिली रुंद म्हणून स्थिर, कॅमेरा घेऊन बसायला बरी, पण हळू. दुसरी लांब-अरुंद म्हणून सरळ आणि जरा वेगात जाते, बसायची सवय करावी लागते. एकट्याने जायचं असेल तर २७४ सेंमीची एकट्याची बोट पुरते, तिचा भार १०० किलो. लिहिलेल्या भाराच्या अगदी टोकाला जाऊ नका. दोन मोठी माणसं, पाणी, बॅग, कॅमेरा यांनी १८० किलो पटकन भरतात आणि मग तळ खाली दबून काठावरचे दगड घासतात.

हवेचे कप्पे किमान तीन, वेगवेगळे. एक गेला तरी बाकीच्यांवर तरंगत काठापर्यंत यायला हवं. व्हॉल्व मोठ्या तोंडाचा, स्क्रूचा. गादीला असतो तसला चिमटीने दाबायचा व्हॉल्व मुख्य कप्प्यांना असेल तर ती बोट नको.

आता आपलं पाणी. उजनी भरली की एकूण ११७ टीएमसी, त्यातलं ६३ हून जास्त मृतसाठा. त्यामुळे पेपरात "उजनी मायनसमध्ये" असं आलं तरी धरण कोरडं नसतं, मधे खोल पाणी असतंच. काठ मात्र बदलतो. जुनी गावं, विहिरींचे कठडे, झाडांची खोडं वर येतात. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ तसंच उघडं पडतं. त्या काळात स्वस्त बोट घेऊन तिथे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. पाण्याखाली दोन इंचांवर काय आहे ते दिसत नाही. आणि काठावरची वेडी बाभूळ! तिचा काटा चपलेतून वर येतो, पीव्हीसीचं काय. बोट फुगवायला कायम ताडपत्री अंथरा, आणि पाण्यापर्यंत दोघांनी उचलून न्या, ओढू नका. काट्याचं पंक्चर कुठल्याच वॉरंटीत बसत नाही.

मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगते डबे दिसले की लांबून वळा. त्यांचं पोट त्यावर आहे. उतरण्याआधी त्यांनाच विचारा, कुठे खोल, कुठे गाळ, कुठे वारा धरतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. रोहित पक्ष्यांचा थवा माना वर करून चालायला लागला तर तुम्ही फार जवळ आलात, तिथूनच मागे फिरा.

धरणाच्या भिंतीजवळ अजिबात जाऊ नये. हिप्परग्याचं पाणी शहर पितं, तिथे आणि इतर कुठल्याही तलावावर आधी संबंधित कार्यालयाला विचारा.

---

शेततळं_मोहोळ | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

आमच्या डाळिंबाच्या बागेत ४४ बाय ४४ मीटरचं शेततळं आहे. पोरांना सुट्टीत त्यात फिरवायला एक घ्यावी म्हणतो.

---

करमाळ्याचा | १३ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

दादा, हात जोडून सांगतो, नको. कागदाच्या उतारावर शेवाळ धरतं, पाय ठरत नाही. मोठा माणूससुद्धा पडला तर वर येऊ शकत नाही. बोट असो वा नसो, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि ट्यूब आजच सोडा, आणि कुंपणाला कुलूप.

---

शेततळं_मोहोळ | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

पटलं. दोर आज संध्याकाळीच बांधतो.

---

भीमाकाठ | ३ मार्च, रात्री १०:१५

मंडळी, पुढची हकीकत.

फ्लेक्सवाले अण्णांनी बोट स्वतः फुगवून बघितली आणि अर्ध्या पानाचं पत्र दिलं, पैसे घेतले नाहीत. ते पत्र, चित्रीकरण आणि ताईंचा मसुदा असं सगळं आयातदार, विक्रेता आणि मार्केटप्लेसचा तक्रार निवारण अधिकारी अशा तिघांना एकाच ईमेलमध्ये पाठवलं. तिघांना एकत्र पाठवल्याचा फायदा झाला. आधी विक्रेता आयातदाराकडे बोट दाखवायचा आणि आयातदार विक्रेत्याकडे. आता एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसत होतं.

पोच आली. मग शांतता. मग १९१५ वर नोंद केली आणि तो क्रमांक त्याच ईमेलच्या साखळीत टाकला. आज उत्तर आलंय: "बोटीचे व्हॉल्व कात्रीने कापा, बोटीवर ऑर्डर क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा, फोटो पाठवा. त्यानंतर आपल्या प्रकरणाचा विचार केला जाईल."

कापू का?

---

सुजाण_ग्राहक | ३ मार्च, रात्री १०:४०

अजिबात नाही! थांबा.

माल परत नेण्याचा खर्च टाळायला कंपन्या असं सांगतात, त्यात गैर काही नाही. पण "विचार केला जाईल" या शब्दांवर कात्री लावायची नाही. बोट हाच तुमचा पुरावा आहे. उद्या आयोगात गेलात आणि वस्तू तपासणीला पाठवायची वेळ आली तर कापलेल्या बोटीवर कोण काय सांगणार?

एवढंच लिहा: "बदली वस्तू की परतावा, किती रक्कम, किती दिवसांत, हे लेखी कळवल्यावर त्याच दिवशी बोट निकामी करून फोटो पाठवतो. किंवा आपण बोट घेऊन जावी." ऑर्डर क्रमांक लिहून फोटो आत्ता पाठवायला हरकत नाही, त्याने बोट बिघडत नाही.

---

टेरी_टॉवेल | ३ मार्च, रात्री ११:००

ताईंशी सहमत. आणि बदलीत तीच बोट देत असतील तर विचार करून हो म्हणा. तळ त्याच पट्ट्यांचा असणार.

---

भीमाकाठ | २१ मार्च, सायंकाळी ७:३०

पैसे आले. पूर्ण रक्कम, ज्या खात्यातून दिली त्याच खात्यात.

मधे त्यांनी अर्ध्या रकमेचं कूपन देऊ केलं होतं, मी नकार दिला. बदली बोटही देत होते, टेरी टॉवेल यांचं ऐकून तीही नको म्हटलं. परताव्याची रक्कम आणि तारीख लिहिलेला ईमेल आल्यावरच व्हॉल्व कापले. ताई, तुम्ही त्या रात्री थांबवलं नसतं तर आज माझ्या हातात कापलेली बोट आणि "विचार केला जाईल" एवढंच राहिलं असतं.

नव्यांसाठी या सगळ्यातून एक गोष्ट जोरात सांगतो, कारण ती कुणी बोलली नाही. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, पहिल्या वापरापासून नाही. आपल्याकडे लोक पावसाळ्याच्या सेलमध्ये बोट घेतात आणि दिवाळीनंतर खोका उघडतात. ९० दिवस त्या खोक्यातच संपतात. ज्या दिवशी येईल त्याच दिवशी घरात फुगवा, रात्रभर ठेवा, सकाळी तळावर हात फिरवून प्रत्येक नळी बघा आणि फोटो काढून ठेवा.

---

बाळे_नाका | २१ मार्च, रात्री ८:१०

अभिनंदन! मग आता कुठली घेताय?

---

भीमाकाठ | २१ मार्च, रात्री ९:००

पुन्हा स्वस्तातलीच घेईन, बाजू साध्या पीव्हीसीच्या पण तळ ड्रॉप-स्टिचचा अशी. थोडे पैसे जास्त जातील. आयातदाराचा पत्ता आणि भारतातला ग्राहकसेवेचा ईमेल पानावर दिसला तरच. घेण्याआधी त्या ईमेलवर एक साधा प्रश्न पाठवतोय, व्हॉल्वचं झाकण सुटं मिळतं का म्हणून. उत्तर कोण देतं, किती दिवसांत देतं, ते बघूनच ठरवणार. आत्ता उन्हाळा तोंडावर आहे, त्यामुळे घाई नाही, ऑक्टोबरात बघू.

जुन्या बोटीची दोन सीटं, वल्ही आणि पंप चांगले आहेत, कंपनीने ते परत मागितले नाहीत. कुणाला उपयोग असेल तर मेसेज करा, तसेच द्यायचे आहेत. सोलापुरात होटगी रोडला मिळतील.

---

दक्षिण_कसबा | २१ मार्च, रात्री ९:०५

पंप मला पाहिजे अण्णा! माझ्याचं अजून चाललंय, पण पार्सलचा खर्च देतो म्हणून लेखी आलं काल. उद्या येऊ का?

---

भीमाकाठ | २१ मार्च, रात्री ९:१०

या की, संध्याकाळी सहानंतर.